उजवीकडची जागा

मोठ्या पुरानंतरचे अकरावे वर्ष होते. पौषाचे तीन दिवस झाले होते, थंडी कडक होती, आणि मळ्यातला कडबा निम्म्याच्या खाली आला होता.

त्या मुलखात माणसे नव्हती. पुराच्या वर्षी ती गेली आणि परत आली नाहीत. मागे एक मळा राहिला. त्याच्या एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला उघडी टेकडी. मळ्यात एक गोठा, पाण्याची एक दगडी डोणी आणि एक मोडकी बैलगाडी. ओढ्याच्या अलीकडे म्हशी, मेंढ्या, कोंबड्या, शेळ्या आणि बैल. ओढ्याच्या पलीकडे लांडगा. जग एवढेच होते.

माणसे गेल्यावर जनावरांनी कामे वाटून घेतली. म्हशींनी हुकूम करायचा, कारण त्या सगळ्यांत जड होत्या. मेंढ्यांनी हो म्हणायचे. कोंबड्यांनी पहाट झाल्याचे सांगायचे आणि मग दिवसभर कोण काय करतो ते सांगत फिरायचे. बैलांनी रान वखरायचे. शेळ्यांचे काम कोणी ठरवले नव्हते. ठरवायला सगळे बसले त्या दिवशी शेळ्या गोठ्याच्या छपरावर होत्या.

बैल दोन होते. हरण्या आणि पाखऱ्या. हरण्या डावीचा, पाखऱ्या उजवीचा. जुवाखाली यायला त्यांना कोणी सांगत नसे. दिवस आले की दोघे आपण होऊन मान खाली घालत. वखरावर माणसांच्या वेळचा एक दगड ठेवलेला होता, त्याच्या भाराने वखराचे पाते, म्हणजे पास, जमिनीत जाई, आणि दोघे बांधापासून बांधापर्यंत फेऱ्या घालत. फेरी नेहमी एकाच अंगाने. सात वर्षे अशी गेली.

मागल्या ज्येष्ठात, अर्धे रान वखरून झाले असताना, पाखऱ्या जुवातच बसला. तो उठला नाही. हरण्या संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी जुवात उभा राहिला. मग त्याने आपली मान काढून घेतली. उरलेले अर्धे रान तसेच राहिले. एका बैलाला जू ओढता येत नाही.

त्यानंतरही हरण्या डावीकडूनच चालत असे. वाटेने जाताना उजवीकडे एका बैलाची जागा मोकळी ठेवी. डोणीवर पाणी पिताना डाव्या अर्ध्यातून पिई आणि उजव्या अर्ध्यातले पाणी हलू देत नसे. वळताना मोठा वळसा घेई, म्हणजे आतल्या बाजूच्याला त्रास होऊ नये. सुरुवातीला मळ्यातले सगळे बाजूला सरून त्याला वाट देत. पुढे कारण विसरले. हा म्हातारा एकटा असून दोघांची वाट अडवतो, एवढेच लक्षात राहिले.

अर्धे रान पडले म्हणून त्या वर्षी चारा अर्धा आला. हे हरण्याला माहीत होते. त्याला कोणी तसे म्हणाले नाही. म्हटले असते तर त्याला बरे वाटले असते.

पौषातल्या त्या दिवशी थोरली म्हैस भादी डोणीपाशी उभी राहिली. सगळे जमले.

"कडबा कुणी खाल्ला?" भादीने विचारले.

"शेळ्यांनी," मेंढ्या म्हणाल्या.

"हरभऱ्याचे शेंडे कुणी खाल्ले?"

"शेळ्यांनी."

"गोठ्याच्या छपराचं पाचट?"

"तेही आम्हीच," झिपरी म्हणाली. ती शेळ्यांमधली तरणी. गाभण होती, तरी तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. "पण चव नव्हती हं त्याला."

"मेली माझ्या खुराड्यावर चढते!" ठिपकी कोंबडी ओरडली. "मी आत, आणि ही वरती नाचतेय. अंडं घालावं की जीव मुठीत धरावा?"

"बाई, तुला मूठ कुठाय?" झिपरी म्हणाली.

भादीने शेपूट एकदा आपटले. सगळे गप्प झाले.

"पौषाच्या पुनवेला सकाळी मी येईन," ती म्हणाली. "तोवर शेळ्यांना एका कुंपणात घाला. त्या सकाळी एक जरी शेळी कुंपणाबाहेर दिसली, तर सगळ्या ओढ्यापलीकडे जातील. लहानमोठं बघणार नाही."

ओढ्यापलीकडे कोण आहे हे सगळ्यांना माहीत होते. झिपरीसुद्धा हसली नाही.

"कुंपण घालणार कोण?" भादीने विचारले.

मेंढ्यांनी माना खाली घातल्या. म्हशी रवंथ करू लागल्या.

"मी," हरण्या म्हणाला.

ज्येष्ठानंतर त्याने तोंड उघडले ते त्या दिवशी.

याला कारण होते. पुरात हरण्याची आई वाहून गेली तेव्हा तो सहा दिवसांचा होता. गोठ्यात दुभती एकच होती, भुंडी नावाची शेळी. तिला शिंगे नव्हती म्हणून ते नाव. पहिल्याच वेताची होती आणि तिला स्वतःचे एक करडू होते. तिने त्या वासराला जवळ घेतले. वासराचे तोंड तिच्या कासेपर्यंत नीट पोचेना, तेव्हा ती एका दगडावर चढून उभी राही. वासराची भूक मोठी. शेळीला दूध ते किती. महिन्याने वासरू चरू लागले. करडू राहिले नाही.

भुंडी याबद्दल कधी बोलली नाही. हरण्याही बोलला नाही. तिला हाक काय मारायची हे त्याला अकरा वर्षांत ठरवता आले नव्हते. आई म्हणावे तर ती शेळी. नुसते नाव घ्यावे तर जीभ धजत नसे. म्हणून तो तिला काहीच म्हणत नसे, आणि समोरून आली तर मान वळवून उभा राही. मळ्यात सगळ्यांना तो गर्व वाटे.

आता भुंडी फार म्हातारी झाली होती. पुढचे दात गेले होते. मळ्यात जेवढ्या शेळ्या होत्या त्या सगळ्या तिच्या पोटच्या किंवा तिच्या पोटच्यांच्या पोटच्या होत्या.

हरण्या दुसऱ्या दिवशी कामाला लागला. ओढ्याकाठी बाभळी होत्या. वाऱ्याने मोडलेल्या फांद्या तो शिंगांत अडकवून ओढत आणी आणि गोलात रचत जाई. काटे अंगात शिरत. तो थांबत नसे. शेळ्या गोलाच्या मधोमध बसून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी त्याला जराही अडवले नाही. उलट, नवी फांदी आली की माना उंच करून बघत. त्या शहाण्या झाल्या असे हरण्याला वाटले.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने पाहिले, तर कुंपणाच्या आतल्या बाजूला एक पान नव्हते. सालसुद्धा सोललेली. नुसत्या काड्या उभ्या होत्या आणि त्यांतून पलीकडचे रान दिसत होते.

भुंडी कुंपणाशी आली.

"पाला बरा होता," ती म्हणाली. "उद्या शेंगांची फांदी मिळाली तर बघ. मला आता काडी चावत नाही."

"हे कुंपण आहे," हरण्या तिच्याकडे न बघता म्हणाला.

"असेल. हिरवं आहे पण."

मग त्याने वाळक्या बोरीचे काटेरी भारे आणले. ते शेळीलाही खाता येत नाहीत. दोन दिवस खपून त्याने दुसरा गोल घातला, आतल्यापेक्षा उंच. दाट होता. वारा अडत होता. संध्याकाळी तो बाहेर उभा राहून आपल्या कामाकडे बघत होता, तेव्हा झिपरी त्याच्या पाठीमागून आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून तिनेही कुंपणाकडे पाहिले.

"झकास झालंय," ती म्हणाली.

कुंपणाला एक जागा मोकळी राहिली होती.

गोल जिथे सुरू झाला आणि जिथे संपला, त्या दोन टोकांच्या मधे. शेवटचा भारा टाकायची जागा हरण्याच्या उजव्या अंगाला आली होती, आणि उजवीकडे तो पाऊल टाकत नसे. त्याने दुसऱ्या दिवशी आणखी एक भारा आणला. तोही डाव्या टोकावरच पडला. आणखी एक आणला. डावीकडचे काटे बैलाच्या पाठीएवढे उंच झाले. उजवीकडची वाट होती तशीच राहिली. उलट्या अंगाने फेरी घातली असती तर ती जागा डावीकडे आली असती. पण वखराची फेरी कधी उलटी गेलेली त्याला आठवत नव्हती.

"अरे, दरवाजा केवढा ठेवलास!" ठिपकी गोठ्याच्या आढ्यावरून म्हणाली.

"शेळ्यांनी पाडला," हरण्या म्हणाला.

"काहीतरीच. शेळ्यांनी हात नाही लावला. तू तिथे भारा टाकलाच नाहीस. मी सकाळपासून इथे बसलेय, मला दुसरं काम नाही. तिथे आलास की थांबतोस, बघतोस, आणि इकडेच टाकून जातोस."

"तुला दिसत नसेल."

"मला दाण्यातला किडा दिसतो," ठिपकी म्हणाली. "ही तर चांगली बैलभर जागा आहे."

हरण्या निघून गेला. त्याला कोंबडीशी वाद घालायचा नव्हता.

मेंढ्यांनी उपाय सांगितला. त्या सगळ्या मिळून आल्या आणि सगळ्यांनी मिळून सांगितला. गोठ्यात खुंटीला माणसांच्या वेळचे एक लोढणे होते. जाड लाकडाचा ठोकळा, त्याला दोरीचा फास. ओढाळ जनावराच्या गळ्यात तो अडकवत. जनावर पळू लागले की ठोकळा गुडघ्यांवर आपटे आणि जनावर आपोआप शहाणे होई.

"एकीच्या गळ्यात घाल," मेंढ्या म्हणाल्या. "बाकीच्या बघतील."

हरण्याने ते शिंगाने उचलले आणि झिपरीच्या गळ्यात घातले. ती पळाली नाही. हा आपल्याला असे काही करील असे तिला वाटले नव्हते. मग तो पाठ फिरवून आपल्या जागी जाऊन उभा राहिला. त्या मोकळ्या वाटेच्या डाव्या बाजूला, कुंपणाकडे पाठ, तोंड पडीक रानाकडे. तो दिवसभर तसाच उभा असे.

दुपारी मागे काटे मोडल्याचा आवाज आला. झिपरीने वाटेने न जाता मुद्दाम कुंपणावरूनच उडी घेतली होती. ती अलीकडे आली, ठोकळा पलीकडे अडकला. ती काट्यांवर लटकली होती. मागचे पाय जमिनीला लागत नव्हते. जीभ बाहेर आली होती. पोटात करडू होते.

शेळ्या ओरडत होत्या. भुंडी ओरडली नाही. ती वाटेने बाहेर आली आणि हरण्याच्या समोर उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली.

हरण्याने मान खाली घालून शिंगावर झिपरीचा भार घेतला, तिला वर उचलले, दोरी सैल केली. ती खाली पडली. बराच वेळ खोकत राहिली. मग उठली.

"याला आजीनं दूध पाजलं म्हणे," ती म्हणाली. "ओढ्याचं पाणी पाजायला हवं होतं."

"गप," भुंडी म्हणाली.

हरण्याने लोढणे ओढ्यात नेऊन टाकले. पाणी थोडे होते. ठोकळा बुडाला नाही, तरंगत राहिला. तो वाहत दिसेनासा होईपर्यंत हरण्या काठावर थांबला. समोरच्या काठावर लांडगा बसला होता. तोही ठोकळ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी झिपरी व्याली. करडू काळे होते, कपाळावर पांढरा टिळा. पुनवेला चार दिवस उरले होते.

त्या दिवशी हरण्या फिरून आत तोंड करून उभा राहिला.

"आत काय कमी आहे?" त्याने विचारले. कुणाला ते त्याने सांगितले नाही. भुंडीने ते आपल्याला आहे असे धरले.

"काही नाही."

"चारा आहे. पाणी आहे. वारा लागत नाही."

"सगळं आहे," भुंडी म्हणाली. "सपाट आहे पण. शेळीच्या पायाखाली काहीतरी उंच लागतं. कुठं चढायला नाही, कुठून बघायला नाही. आणि बघावं म्हटलं तर काय, तुझं ढुंगण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच."

शेळ्या हसल्या. हरण्या हसला नाही. त्याला एक दगड आठवला. त्या दगडावर उभे असलेले चार बारीक पाय आठवले.

गोठ्यामागे ती मोडकी बैलगाडी होती. ती दोघांची गाडी. एकट्याला ती ओढता येत नाही, म्हणून हरण्याने मागून कपाळ लावून ती ढकलली. एक चाक फिरत होते, दुसरे घासत होते. पन्नास पावलांच्या वाटेला एक दिवस लागला आणि कपाळाची कातडी गेली. त्या मोकळ्या जागेतून गाडी आत गेली. जागा बरोबर पुरली नाही. एका बाजूचा एक भारा त्याला शिंगाने सरकवावा लागला, आणि गाडी आत गेल्यावर तो त्याने जिथल्या तिथे परत लावला.

शेळ्या गाडीवर चढल्या. आधी तिच्या फळ्यांच्या साट्यावर, मग चाकावर, मग पुढे आलेल्या धुरेच्या टोकावर. एकीने दुसरीला ढकलले, दुसरीने तिसरीला. तिन्हीसांजेपर्यंत त्यांचे हेच चालले होते. त्या दिवशी कडब्याकडे कोणी गेले नाही. हरण्याने सकाळी बाभळीची ओली फांदी आणून टाकली होती, तिला शेंगा होत्या. ती त्याने कुंपणाला लावली नाही. नुसती आत टाकली.

पुढचे दोन दिवस तो आत तोंड करून उभा राहिला.

भुंडीला गाडीवर चढायला वेळ लागे. पण एकदा चढून धुरेपाशी आली की तिचे डोळे त्याच्या डोळ्यांच्या बरोबरीला येत. तेवढ्या उंचीवरून त्याच्याकडे ज्येष्ठानंतर कोणी पाहिले नव्हते.

"पाखऱ्या कसा होता रे?" तिने एकदा विचारले.

हे त्याला कोणी विचारले नव्हते. 

"हळू चालायचा," तो म्हणाला. "मला थांबावं लागायचं."

"मग?"

"मग काही नाही. थांबायचो."

भुंडी रवंथ करत राहिली. हरण्या पुन्हा बोलला.

"ते करडू."

"कुठलं? झिपरीचं? बरं आहे, पितंय."

"तुझं. पुराच्या वर्षीचं."

भुंडीचे तोंड थांबले.

"त्याचं काय?"

"मी देणं लागतो."

"कोण मागतंय?"

"मागायला कशाला पाहिजे? मी लागतो."

"लागत असशील," भुंडी म्हणाली, आणि एकेक पाय टाकत गाडीवरून उतरली. तो सबंध दिवस ती पुन्हा वर चढली नाही.

चतुर्दशीला ठिपकी कुंपणावर येऊन बसली. तिने पंख झटकले, मान वाकडी केली, त्या मोकळ्या जागेकडे पाहिले.

"उद्या पुनव," ती म्हणाली. या वेळी तिचा आवाज बारीक होता. "जागा तशीच आहे हरण्या."

"माहीत आहे."

"मी भारा टाकला असता. माझ्याच्यानं एक काडी उचलत नाही."

"माहीत आहे," हरण्या म्हणाला.

तिच्यादेखत त्याने एक भारा आणला, त्या जागेशी आला, थांबला. बराच वेळ थांबला. मग भारा डावीकडे टाकला.

पुनवेच्या सकाळी धुके पडले. दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. कोंबड्यांना उजाडलेले कळले नाही, म्हणून कोणी आरवले नाही, आणि मळा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत झोपून राहिला. हरण्या आपल्या जागी उभा होता. त्या वाटेच्या डाव्या बाजूला, तोंड पुन्हा बाहेर रानाकडे.

झिपरीचे करडू जागे झाले. त्याला पाय फुटून चारच दिवस झाले होते, पण आई ज्या वाटेने बाहेर जाते ती वाट त्याला कळली होती. कुंपण म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हते. ते उड्या मारत वाटेच्या तोंडाशी आले आणि धुक्याकडे बघत उभे राहिले.

धुक्यात लांडगा उभा होता.

तो वाळून गेला होता. त्याला घाई नव्हती. त्याच्यापासून वाट पाच पावलांवर होती, वाटेपासून करडू एका पावलावर होते. हरण्याच्या उजव्या अंगाला.

हरण्याने उजवीकडे पाऊल टाकले.

एकच. मग मागचा पाय टाकला, मग उरलेले दोन. तो त्या जागेत आला. त्याचे एक अंग या टोकाच्या काट्यांना लागले, दुसरे अंग त्या टोकाच्या. मधे बोटभरही जागा राहिली नाही. जशी कोणी त्याचे माप घेऊन ठेवली होती. ज्येष्ठापासून त्याच्या उजवीकडे वारा वाहत होता, तो थांबला.

"ही वाट रोज उघडी असते," लांडगा म्हणाला.

"असते," हरण्या म्हणाला.

"मी आठ दिवस बघतोय. आज काय झालं?"

 लांडगा खाली वाकला आणि हरण्याच्या पुढच्या पायाला झोंबला. हरण्या हलला नाही. हलला असता तर वाट उघडी पडली असती. त्याने पाय चावू दिला आणि लांडग्याचे तोंड अडकले असताना शिंग खाली आणले. एकदा. लांडगा ओरडला नाही. तीन पायांवर धुक्यात गेला. ओढ्यात पाणी वाजले. मग काही वाजले नाही.

करडू हरण्याच्या पोटाखाली आले होते. त्याने वर पाहिले. मग डोक्याने त्याच्या पोटाला ढुशी दिली, एकदा, दोनदा, कास शोधल्यासारखी. हरण्या उभा राहिला. भुंडी जागी झाली होती. गाडीखालून ती ते बघत होती.

धुके वर गेले तेव्हा भादी आली. तिच्यामागे म्हशी, मेंढ्या आणि कोंबड्या.

"शेळ्या आत आहेत," मेंढ्या म्हणाल्या.

"हा दारात आहे म्हणून," एक म्हैस म्हणाली.

भादीने हरण्याच्या पायाकडे पाहिले. खाली माती लाल झाली होती. ओढ्याकडे जाणारे ठसेही तिने पाहिले. पण तिने शब्द दिला होता, आणि म्हशीचा शब्द मागे वळत नाही.

"सरक हरण्या," ती म्हणाली. "मला कुंपण बघायचंय. तुला नाही."

हरण्याने मागे वळून शेळ्यांकडे पाहिले. भुंडीखेरीज त्या सगळ्या गाडीवर उभ्या होत्या.  सांगणे त्याला येत नव्हते. तो लंगडत डावीकडे सरला आणि आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. वाट उघडी पडली. सकाळचे ऊन तिच्यातून थेट आत गेले.

पलीकडे हरभऱ्याला घाटे आले होते. वास येत होता.

झिपरीने वाटेकडे पाहिले. मग हरण्याच्या पायाकडे पाहिले. ती पाय दुमडून गाडीवर बसली. तिच्यामागे दुसरी बसली. करडू वाटेकडे निघाले होते, झिपरीने घशातून एक आवाज काढला, ते परत फिरले.

तेवढ्यात भुंडी उठली.

ती गाडीखालून निघाली आणि सरळ वाटेकडे चालू लागली. गुडघे आखडले होते. एक पाऊल टाके, थांबे, दुसरे टाके.

"निघाली," मेंढ्या म्हणाल्या. "निघाली, निघाली!"

"गप्प बसा," भादी म्हणाली.

ठिपकीने डोळे मिटून घेतले. हरण्याने मान वळवली नाही. समोर पडीक रान होते, तो तिकडे बघत राहिला.

भुंडी त्या जागेत आली. बाहेर गेली नाही. तिथेच थांबली आणि हरण्याच्या उजव्या अंगाला उभी राहिली, त्याचे तोंड होते तिकडेच तोंड करून, खांद्याला खांदा लावायला. तिचा खांदा त्याच्या गुडघ्याच्या जरा वर येत होता. ती आणि उजवीकडचे काटे यांच्या मधे भरपूर जागा उरली होती. तिच्यातून कोणी गेले नाही.

कुंपणाच्या रेषेबाहेर भुंडीचा एकही पाय नव्हता, हे भादीने पाहिले. मग वळली.

"शेळ्यांचा कडबा वेगळा काढा," जाताना ती म्हणाली. बाकीचे तिच्यामागे गेले.

मळा रिकामा झाला. ऊन वर आले. हरण्याने एक पाऊल पुढे टाकले. दुखरा पाय टेकत नव्हता, म्हणून पाऊल लहान पडले. भुंडीनेही एक टाकले. ते त्याहून लहान होते. तो थांबला.

भुंडीने मान खाली घातली, जुवाखाली घालतात तशी.

"फिटलं," ती म्हणाली.